मीठ खारट, मग मिठाई गोड कशी?

या महिन्यात शब्दांबद्दलची पत्रं एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण काही पत्रं वाचून राहवलं नाही म्हणून ती घेतेय.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. परवा जेवताना म्हणाला, आई, मीठ खारट असतं मग मिठाई गोड कशी, शब्द तर एकच वाटतोय. मला काहीच सांगता आलं नाही. त्याचे बाबा म्हणाले असल्या प्रश्नांना परीक्षेत मार्क नसतात, गणित कर. मला ते पटलं नाही पण काय बोलावं तेही सुचलं नाही. शब्द कुठून आले हे शिकून मुलांचा खरंच काही फायदा होतो का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी मुलाची पाठ थोपटा, त्याचं बरोबर आहे, दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. संस्कृतात मृष्ट म्हणजे घासूनपुसून स्वच्छ केलेलं, आणि जेवणाच्या बाबतीत म्हणायचं तर चवदार. त्याचंच मिष्ट झालं, प्राकृतात मिट्ठ झालं. आता चवदार म्हणजे काय हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. हिंदीत चवदार म्हणजे गोड, म्हणून मीठा, आणि त्यावरून मिठाई, जी आपण तिकडून घेतली. आपल्याकडे जेवणाला चव आणणारी जी वस्तू तिलाच ते नाव चिकटलं, मीठ. गुजरातीत तर मीठुं म्हणजे मीठही आणि गोडही, दोन्ही अजून एकत्र नांदतायत.

मग मिठाचा जुना शब्द कुठे गेला? तो होता लवण. तो गेला नाही, लपून बसलाय. आमटीत मीठ पडलं नाही की आपण अळणी म्हणतो ना, ते अलवण, म्हणजे लवण नसलेलं. लोणचं त्यातलंच, मीठ पिकवणारे लोणारी त्यातलेच. इथपर्यंत आलं की मुलगा लगेच म्हणेल, मग लोणी पण लवणातूनच! तिथे त्याला थांबवा. लोणी आलंय नवनीत वरून, न चा ल झालाय, मिठाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मला हा विषय आवडतो तो याच जागेसाठी. सारखा दिसतोय म्हणून सगा आहे असं नाही, आणि जो वेगळा दिसतोय तो कधी कधी सख्खा भाऊ निघतो, त्यामुळे दिसण्यावर न जाता तपासायची सवय लागते आणि ती सवय गणितातही लागतेच की.

तपासायचं कसं, तर आवाज कसेही बदलत नाहीत, त्याला रीत आहे. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात डबल अक्षर होतं, मग मराठीत एकच अक्षर उरतं आणि जे गेलं त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. सर्प, सप्प, साप. दुग्ध, दुद्ध, दूध. त्याला एवढी पाच उदाहरणं द्या आणि मग नुसतं कर्म, अष्ट, पर्ण, मुद्ग असं सांगून मराठी शब्द ओळखायला लावा, तो काम, आठ, पान, मूग पटापट सांगेल बघा. शेवटी भक्त द्या. भत्त, आणि मग भात! संस्कृतात भक्त म्हणजे वाटून दिलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ असाही अर्थ आहे. हे मुलांना स्वतःला सापडतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, मी पाहिलेत.

आणि मार्कांचं म्हणाल तर तेही आहेत. मूल, फूल, दूध, मीठ यात पहिलं अक्षर दीर्घ लिहायचं आणि गुण, विष यात ऱ्हस्व, हे मुलं पाठ करून करून चुकतात. गुण आणि विष संस्कृतातून जसेच्या तसे आलेत म्हणून तसेच ऱ्हस्व राहिले, दूध मीठ फूल आपल्याकडे घडून आलेत म्हणून मराठीच्या चालीने दीर्घ झाले, आणि मग दुधाचा मिठाचा म्हणताना परत ऱ्हस्व, पण गुणाचा विषाचा मात्र जसं होतं तसंच. शब्दाचं मूळ माहीत असलं की हा नियम पाठ करावा लागत नाही. त्याच्या बाबांना हे जरूर दाखवा.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर रोज कोणीतरी शब्दांच्या कथा फॉरवर्ड करतं. पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव, पोर्तुगीजांनी चांगला उपसागर बघून बोम बाहिया म्हटलं म्हणून बॉम्बे, वगैरे. वाचायला मजा येते पण खरं किती ते कसं ओळखायचं?
— निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : काका, तुमच्या दोन्ही उदाहरणांत गोष्ट छान आहे आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पायाची गोष्ट मीही लहानपणी ऐकलेली आणि कितीतरी वर्षं लोकांना सांगत फिरले. पाव हा सरळ पोर्तुगीज शब्द, तिकडे ब्रेडला पांव म्हणतात, थोडा नाकातून. आणि तो एकटा आला नाही ना. गोव्यात पाव भाजणारा तो पोदेर, म्हणजे त्यांचा पादेइरो. चावी तिकडची, पगार तिकडचा (पैसे देणं या अर्थाचं क्रियापद आहे ते), घमेलं तिकडचं. तुरुंग पण तिकडचा, त्यांचा त्रोंकु म्हणजे झाडाचा ओंडका, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. आपल्याकडेही खोड आणि खोडा आहेच की. असा एका ठिकाणाहून आलेला अख्खा घोळका दिसला की समजायचं पायाच्या गोष्टीची गरज नाही.

बोम बाहियाचं तर पोर्तुगीज व्याकरणातच अडतं, बाहिया हा शब्द त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, त्यामुळे चांगला म्हणायचं तर बोआ म्हणावं लागेल, बोम नाही. मुंबादेवीचं नाव, मुंबा आई, हेच मूळ धरतात. बोंबाइं वगैरे त्या नावाचे बाहेरच्यांनी केलेले उच्चार.

मी स्वतः काय करते सांगते. कोणी गोष्ट सांगितली की पहिलं बघते हा शब्द सगळ्यात जुना कुठे लिहिलेला सापडतो आणि तिथे तो कसा लिहिलाय. मग वरती त्या ताईंना सांगितली तशी आवाजांची रीत लागू होते का, आणि शेजारच्या भाषांत त्याची भावंडं आहेत का. हे सगळं जुळलं तर गोष्ट ऐकायची. पैठणचं बघा. संस्कृत नाव प्रतिष्ठान. प्रति चं पइ, ष्ठ चं ट्ठ, रीत बरोबर बसते. आणि पुरावा कुठे मिळतो, तर पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी माहितीपुस्तकात, पेरिप्लस म्हणतात त्याला, तो व्यापारी लिहितो की बारिगाझाहून म्हणजे भरूचहून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैथाना नावाचं शहर आहे. तो प्रतिष्ठान लिहीत नाही, त्याने बाजारात जे ऐकलं ते लिहिलं. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीकाठची माणसं आपल्या गावाला आत्ता म्हणतो त्याच्या जवळपासचंच काहीतरी म्हणत होती. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

कोश पण हाताशी ठेवा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला, १८५७ ला वाढवून परत काढला, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने आला, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येतात, फोनवर पण. कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश जुन्या वाचनालयात विचारा. पुढचा फॉरवर्ड आला की आधी तिथे बघा आणि मगच पुढे पाठवा, ग्रुपवर भांडू नका, नुसतं कोशातल्या पानाचा फोटो टाकला तरी पुरे होतं.

प्रश्न : मराठीत एवढे परके शब्द घुसलेत की लाज वाटते. मूळ कळल्यावर असे शब्द काढून टाकायला नकोत का? नाहीतर मूळ शोधायचा उपयोग काय?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : मित्रा, तुझी मराठीबद्दलची कळकळ समजते, आणि तू काही पहिला नाहीस. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राजव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनोबताचा सेनापती, डबीराचा सुमंत. राज्य आपलं तर दरबाराची भाषाही आपली, हा फार मोठा विचार होता आणि त्या काळाला त्याची गरज होती. पण त्यातही काय झालं बघ. दरबारी हुद्दे बदलले, पण बाजार, दुकान, जमीन, कागद, खुर्ची लोकांच्या तोंडून गेले नाहीत. आणि हुद्द्यांतही पंतप्रधान असा शब्द असताना लोक पेशवाच म्हणत राहिले, जो फारसी आहे, पुढे असणारा या अर्थाचा. आज पेशवा हा शब्द परका आहे असं पुण्यात कोणाला सांगून बघ. चिटणीस, फडणीस, पोतनीस या आडनावांतला नीस पण फारसी नवीस, लिहिणारा.

आता तुझ्या रात्रीच्या ताटाकडे बघ. भात वर सांगितला तसा भक्त वरून. त्यावरचं तूप कन्नड, तुप्प. बटाट्याची भाजी असेल तर बटाटा पोर्तुगीजांनी आणला पण शब्द त्यांचाही नाही, कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि तोही मुळात रताळ्याचा. भाजीतली मिरची त्याच्या बरोबर उलटी, वस्तू अमेरिकेतून आली पण नाव आपलं, मिरी वरून, कारण आपल्याकडे तिखट म्हणजे मिरीच होती तोपर्यंत. जेवण झाल्यावर सुपारी कातरायला आजोबा जो अडकित्ता घेतात तो परत कन्नड. आणि घरी कोणाला अण्णा, अक्का म्हणत असशील तर तेही. यातलं काय काढणार? अक्काला काढणार का?

मूळ शोधायचं ते हद्दपार करायला नाही रे. कन्नड आणि मराठी माणसं शेकडो वर्षं एकाच गावात राहिली, एकाच चुलीवर जेवली, त्याचा कागद कुठे सापडेल न सापडेल पण तूप आणि अक्का हे शब्द त्याची साक्ष देतायत. नवीन शब्द घडवायचे असतील तर जरूर घडव, मला आनंदच आहे, इंजिनिअरिंगमध्ये तर फार गरज आहे. पण जे घरात वाढलेत त्यांना बाहेर काढायच्या भानगडीत पडू नकोस.

प्रश्न : माझं नुकतंच लग्न झालंय. माहेर या शब्दाचं मूळ काय?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : मातृगृह. आईचं घर. मातृ चं माइ, गृह चं घर आणि मग हर, माइहर, माहेर. देवाचा देव्हारा तसाच, देवगृह. सासर म्हणजे श्वशुरगृह, सासऱ्याचं घर. तुम्ही इंदूरला असता म्हणजे पीहर हा शब्द रोज कानावर येत असेल, तो पितृगृह, बापाचं घर. सातबारा बापाच्याच नावावर असायचा, घर बापाचंच म्हटलं जायचं, तरी मराठी बायकांच्या तोंडी ते आईचं घर राहिलं. कोणी ठरवून केलं नसणार. पण लेक परत येते ती कोणाकडे येते हे त्या शब्दाने बरोबर सांगितलंय असं मला नेहमी वाटतं.

प्रश्न : शब्दाचा मूळ अर्थ हाच खरा अर्थ असतो ना? आमचे एक सर म्हणायचे की लोक शब्द चुकीच्या अर्थाने वापरतात, मुळात जा.
— शिक्षिका, लातूर

उत्तर : नाही हो बाई, इथे मी तुमच्या सरांशी सहमत नाही. मुळात जावं पण तिथे राहायला जाऊ नये. तेल घ्या. तेल म्हणजे तैल, तिळाचं. मूळ अर्थ खरा धरला तर शेंगदाण्याचं तेल म्हणताच येणार नाही, करडईचं नाही, सरकीचं नाही. आणि एरंडेल मध्ये, खोबरेल मध्ये शेवटी जो एल उरलाय तो तेलच, तरी आपण खोबरेल तेल म्हणतोच, कारण तो एल आता कोणाला ऐकूच येत नाही. इंग्रजीतही हेच झालंय, ऑइल हा शब्द ग्रीक-लॅटिनमधून आलाय आणि तिथे तो ऑलिव्हचा. म्हणजे आपण तिळापासून निघालो, ते ऑलिव्हपासून, जे ज्याच्या रानात होतं ते. पुढे जमिनीतून तेल निघालं तेव्हा त्याला पेट्रोलियम म्हणाले, दगडाचं तेल, आणि स्टोव्हमध्ये घालायचं आपलं रॉकेल ते रॉक ऑइल, परत दगडाचं तेलच. आणि रॉकेलचं दुसरं नाव घासलेट, ते गॅसलाइट, म्हणजे ज्या कामाला वापरलं त्याचं नाव वस्तूला.

मृग म्हणजे संस्कृतात आधी कुठलाही रानातला प्राणी, म्हणून तर सिंह मृगराज आणि शिकार ती मृगया, आता मृग म्हणजे हरिणच. गवेषणा म्हणजे गाई शोधणं, आता संशोधन. म्हणून विद्यापीठातल्या कोणाला चुकीचा शब्द वापरताय असं म्हणणार का? शब्दाचा आजचा अर्थ आजची माणसं ठरवतात. मूळ सांगतं ते एवढंच की कुठल्या वाटेने आला. वर्गात दोन्ही शिकवा, फक्त मुळाचा दंडा करून मुलांना गप्प करू नका.

प्रश्न : इथे रविवारी मराठी शाळेत शिकवते. आठ-दहा वर्षांची मुलं, मराठी घरी थोडंफार बोलतात. त्यांना शब्दांची गोडी लागेल असं काही सांगाल?
— न्यू जर्सी

उत्तर : त्यांच्याच महिन्यांपासून सुरू करा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर फळ्यावर लिहा आणि शेजारी सप्त, अष्ट, नव, दश. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे सप्टेंबर सातवा. मुलं म्हणतील इंग्रजांनी संस्कृतातून घेतलं, तर तसं नाही हे प्रेमाने सांगा, दोन्ही एका जुन्या भाषेच्या पोटच्या आहेत, हे विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कोलकात्यात जाहीर भाषणात मांडलं होतं. आणि खरंच मराठीतून इंग्रजीत गेलेला शब्द हवा असेल तर मुंगूस आहे, मॉन्गूस. तुमच्या मुलांना शाळेत सांगायला हा एक शब्द पुरेल.

प्रश्न : आमचं आडनाव सुतार. बाबा अजून काम करतात. मी बीकॉमला आहे, आडनावावरून मुलं काहीबाही बोलतात. आडनावाचा अर्थ काय एवढंच विचारायचं होतं.
— सातारा जिल्ह्यातून एक मुलगी

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सुतार म्हणजे सूत्रधार. प्राकृतात सुत्तहार, मग सुतार. नाटकात सुरुवातीला येतो तो सूत्रधार आणि तुझे बाबा, शब्द एकच. सूत म्हणजे दोरा, आणि तो दोरा तू नक्की पाहिला असशील, काव लावलेला, फळीवर दोन्ही टोकांना ताणून धरतात, मधून चिमटीने उचलून सोडला की फळीवर लाल सरळ रेघ उमटते, सूत मारणं म्हणतात ना त्याला. सगळं काम त्या रेघेवर. रेघ चुकली की दाराची चौकट तिरकी. लाकूड तोडणारा कोणीही असेल, पण सूत धरून बरोबर कुठे कापायचं हे सांगणारा तो सुतार, म्हणून हे नाव. माप पण त्याच शब्दाने, बाबा म्हणत असतील दोन सूत कमी कर, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांच्या हातातली करवत म्हणजे करपत्र, हातातलं पातं. गवंड्याचा ओळंबा म्हणजे अवलंब, लोंबणारा.

माझं एक काम करशील? बाबांच्या पेटीतलं एकेक हत्यार बाहेर काढून त्यांना नाव विचार, लाकडांची नावं विचार, सांध्यांचे प्रकार, चुकलेल्या कामाला ते काय म्हणतात, बिघडलेल्या धारेला काय म्हणतात. जसं बोलतील तसं लिही, शुद्ध करू नकोस, यातले बरेच शब्द कोशात नसतील. वही भरली की पाठव, या सदरात छापू, आणि पहिल्या पानावर कोणाकडून ऐकलं तेही लिही, बाबांना चालत असेल तर.